साहेब, 22 हजार भरले, कोर्स कुठे गेला?

प्रति,
मा. उच्च शिक्षण मंत्री,
कर्नाटक सरकार

सविनय नमस्कार.

पत्र मराठीत लिहितो आहे, आपण राग मानू नये. कन्नड मला बोलता येते, गिरणीवर निम्मे गिऱ्हाईक कन्नडच आहे. पण मनातले लिहायचे तर आईच्याच भाषेत जमते. शिवाय घटनेच्या कलम 350 प्रमाणे देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते. हे कलम मला मुलीने दाखवले. गाऱ्हाणेही तिचेच आहे.

खानापूर तालुक्यात माझी पिठाची गिरणी आहे. मुलगी यंदा पीयूसी (म्हणजे बारावी) झाली, 91 टक्के मिळाले. तिला बी.ए.ला आंतरराष्ट्रीय संबंध शिकायचे होते. भावकीत लोक हसले. "इंटरनॅशनल कशाला, हितनं कोल्हापूरला जायचं तरी दोन सरकारं आडवी येतात!" तिने मनावर घेतले नाही. मे महिन्यात बेळगावातल्या एका खाजगी कॉलेजने फ्लेक्स लावला. पृथ्वीचा गोळा, त्यात खोचलेला तिरंगा आणि खाली कोर्सचे नाव. (कॉलेजचे नाव लिहीत नाही, पोरगी अजून तिथेच आहे.) 22 हजार भरले. पावतीवर ‘बी.ए. इंटरनल रिलेशन्स’ असे छापून आले. क्लार्क म्हणाला, कॉम्प्युटरची चूक, दुरुस्त होईल.

ऑगस्टात दुरुस्ती झाली. अकराच विद्यार्थी आले म्हणून बॅच रद्द. तिच्यासमोर अर्जावरचा विषय बॉलपेनने खोडला आणि वर ‘एचईपी’ लिहिले, म्हणजे इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र. वर सल्ला दिला, "राज्यशास्त्रात एक पेपर असतोच की त्याचा." पैशांचे विचारले तर पुढच्या वर्षीच्या फीत वळते करू म्हणाले. तोवर कोल्हापूर-पुण्याकडचे प्रवेश संपले होते.

एक पेपर! साहेब, पहिले महायुद्ध संपले आणि 1919 साली वेल्समधल्या ॲबरिस्टविथला या विषयाचे पहिले अध्यासन, म्हणजे खास प्राध्यापकपद, सुरू झाले. एवढी माणसे मेली कशी, हे कुणीतरी नीट शिकले पाहिजे असे त्या लोकांना वाटले. दिल्लीत 1955 साली यासाठी वेगळी संस्था निघाली, 1970 साली ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात, म्हणजे जेएनयूत गेली. पण तिथे हा विषय एम.ए.पासून. म्हणजे आमच्यासारख्यांच्या पोरांनी आधी तीन वर्षे भलतेच शिकायचे आणि मग दिल्लीच्या परीक्षेला बसायचे. पदवीलाच घेतला तर युरोपातल्या 1648 च्या वेस्टफालियाच्या तहापासून आंतरराष्ट्रीय कायदा, व्यापार, एखादी परकी भाषा, सगळे सावकाश होते. मी दहावी नापास आहे. हे सगळे मला तिनेच सांगितले, थ्री फेज वीज गेली की पोत्यावर बसून. लायब्ररीच्या पुस्तकाला पीठ लागले म्हणून दहा रुपये दंडही भरला आहे.

फीचे पैसे मी गिरणीच्या मोटारीच्या वाइंडिंगसाठी ठेवले होते. आता मोटार तासाभरात तापते, बंद करून बसावे लागते, गिऱ्हाईक डबा उचलून दुसरीकडे जाते. बायकोचा चष्मा दिवाळीवर गेला. फी, झेरॉक्स, माझ्या बेळगावच्या फेऱ्या मिळून 35 हजार गेले असतील. 40 सुद्धा असतील, हिशेब कुठे ठेवलाय! मुलीला बस फुकट आहे, हे तुमच्या सरकारचे उपकार मान्य. त्याच बसने ती रोज नको असलेला विषय शिकायला जाते.

आणि तुमचे धोरण तरी एका जागी कुठे थांबते? 2021 ला राष्ट्रीय शिक्षण धोरण देशात सगळ्यांच्या आधी लागू केले म्हणून कर्नाटकाने मिरवले, पदवी चार वर्षांची केली. सरकार बदलले, 2024 ला पुन्हा तीन वर्षांची. माझा पुतण्या चार वर्षांचे म्हणून गेला आणि तीन वर्षांत घरी आला. दुकानांच्या पाट्यांवर 60 टक्के कन्नड पाहिजे, हा नियम मात्र पक्का.

मुलगी सांगते, भारत-बांगलादेशने 2015 साली एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या 162 वस्त्यांची अदलाबदल केली. करार 1974 चा, 41 वर्षे लागली, पण 31 जुलैच्या मध्यरात्री तिथल्या माणसांना आपला देश कोणता ते कळले. ते दोन देश होते हो! आमचे भांडण एकाच देशातले. 1956 ला आम्हाला इकडे टाकले, 1966 ला सीमावादासाठी महाजन आयोग नेमला, 2004 ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला, 865 गावे अजून तारखेची वाट बघतात. महाराष्ट्राचे मंत्री तरी काय करतात? सीमालढ्याच्या हुतात्मा दिनाला पाठिंबा देतात आणि चहा घेऊन परत. तुम्ही डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरवता, तेव्हा आम्हाला पोलीस तेवढे दिसतात. एखादा कंडक्टर आणि एखादा प्रवासी भाषेवरून भांडला की दोन्हीकडच्या बस बंद. ह्या विषयाची गरज बेंगळुरूला जास्त आहे की बेळगावला, तुम्हीच सांगा.

मागणे फार नाही. 22 हजार परत द्यायला लावा. आणि कोर्सची जाहिरात करायची असेल तर अकरा पोरांवरही तो चालवलाच पाहिजे, असा एक कागद काढा. कन्नडमध्ये काढला तरी चालेल, वाचून घेऊ.

आपला,
एक गिरणीवाला, तालुका खानापूर

ता. क. पत्र मुलीने वाचले. भाषा नरम करा म्हणाली, त्याला राजनय (डिप्लोमसी) म्हणतात म्हणे. तिच्यासाठी दोन ओळी खोडल्या, बाकीच्या ठेवल्या.