पंधरा वर्षांवरील कॅम्परव्हॅनचे पासिंग दरवर्षी व्हावे, आणि निकाल सगळ्यांना दिसावा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ताडोबा, पेंच, चिखलदऱ्याकडे निघणाऱ्या गाड्यांमध्ये अलीकडे घरासारख्या सजवलेल्या जुन्या व्हॅन, म्हणजे कॅम्परव्हॅन, दिसू लागल्या आहेत. वापरलेली टेम्पो ट्रॅव्हलर किंवा विंगर स्वस्तात घ्यायची, सीट काढून टाकायच्या, पलंग, ओटा, पाण्याची टाकी, बॅटरी बसवायची आणि मुलाबाळांना घेऊन निघायचे. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, पुढच्याच वर्षी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला, आणि ही हौस आणखी वाढली. हौस चांगलीच आहे. मी नागपुरात गॅरेज चालवतो, अशा गाड्या माझ्याकडे दुरुस्तीला येतात, आणि त्यांचे मालक गाडीवर किती जीव लावतात ते मला दिसते. म्हणूनच या गाड्यांच्या पासिंगबद्दल लिहिल्याशिवाय राहवले नाही. पंधरा वर्षांवरील खासगी कॅम्परव्हॅनची तपासणी दरवर्षी झाली पाहिजे आणि तपासणीत जे आढळले ते कलमवार लिहून सर्वांना पाहता आले पाहिजे, एवढेच माझे मागणे आहे.

आजचा नियम असा आहे. भाड्याने चालणाऱ्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. खासगी वापराची कॅम्परव्हॅन मात्र परिवहनेतर वाहनांत मोडते. तिची नोंदणी एकदा झाली की पंधरा वर्षे कुणी बघत नाही. पंधराव्या वर्षी नूतनीकरणासाठी गाडी दाखवायची, की पुढची पाच वर्षे मोकळी. एकाच कंपनीच्या, एकाच सालच्या, आतून सारख्याच बांधलेल्या दोन गाड्या घ्या. एक पर्यटन व्यावसायिकाची, दुसरी घरची. पहिली दरवर्षी तपासणीला उभी राहते आणि दुसरी सोळाव्या वर्षापासून विसाव्यापर्यंत कुणाच्याच नजरेखालून जात नाही. गंजाला पांढरी पाटी आणि पिवळी पाटी यांतला फरक कळत नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात एक कुटुंब दुसऱ्या जिल्ह्यातून विकत घेतलेली व्हॅन घेऊन आले. गाडी १७ वर्षांची. नोंदणीचे नूतनीकरण झालेले, म्हणजे कागद अजून तीन वर्षे चालणारा. रंगकाम सुरेख, आत सनमायकाचा ओटा, खिडक्यांना पडदे. तक्रार इतकीच की खड्ड्यात मागून आवाज येतो. गाडी वर उचलली तर खाली सगळीकडे अंडरकोटिंगचा काळा जाड थर. पाण्याच्या टाकीच्या खालच्या भागावर पेचकस टेकवून जरा दाबला, तो सरळ आत गेला. थर खरवडला तेव्हा मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ चासीचा पत्रा पापुद्रे सुटावेत तसा हातात आला. टाकीचा जोड कधीपासून झिरपत होता कोण जाणे. पाणी प्लायवूडमध्ये मुरायचे आणि ओला प्लाय बारा महिने पत्र्याला चिकटून राहायचा. वरून रंग, खालून अंडरकोटिंग आणि मध्ये नुसता गंज. त्या गाडीतून दोन लहान मुले प्रवास करत होती.

विकणाऱ्याने फसवले की त्यालाही ठाऊक नव्हते, हे मला सांगता येणार नाही. कागद मात्र खरा होता. दोन वर्षांपूर्वी नूतनीकरणाच्या वेळी त्या ब्रॅकेटची काय स्थिती होती, कुणी पाहिली होती का, 'लक्ष ठेवा' असे कुणी सांगितले होते का, हे घेणाऱ्याला समजायला काही मार्गच नव्हता. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणी, विमा, पीयूसी कधीपर्यंत आहे ते दिसते. गाडी कशी आहे ते दिसत नाही.

जुनी कॅम्परव्हॅन विकताना एक वाक्य हमखास ऐकू येते, "गाडी फार चाललेलीच नाही." लोकांना ते ऐकून बरे वाटते. माझा अनुभव उलटा आहे. रोज चालणाऱ्या गाडीचे इंजिन झिजते, हे खरे. पण वर्षातले बहुतेक महिने झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीचे ब्रेक, रबर आणि पत्रा खराब होतो, आणि जीव जातो तो यांच्यामुळे. व्हील सिलिंडर जाम होतात, हँडब्रेकची केबल गंजून अडकते, होजपाइपला चिरा पडतात. टायरची नक्षी नवी दिसते. कायद्याने कारच्या टायरला १.६ मिलिमीटर खोली लागते, आणि या टायरला त्याच्या कितीतरी पट असते, म्हणून तो पास होतो. त्याच टायरच्या बगलेवर कोरलेले शेवटचे चार आकडे मात्र सहसा कुणी वाचत नाही. २३१४ असे असेल तर तो टायर २०१४ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला आहे. इतके नवतपे उघड्यावर काढलेल्या रबरात काय उरते, हे नागपूरकराला वेगळे सांगायला नको. असा टायर घेऊन समृद्धीच्या सिमेंटवर तासनतास एका वेगात जायचे म्हणजे मोठी जोखीम आहे.

ब्रेक ऑइलचेही तसेच. ते हवेतली ओल शोषून घेते. नवे डॉट-३ ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरलेल्या ऑइलसाठी मानकातली मर्यादाच १४० अंश आहे. सपाट रस्त्यावर हे कधी जाणवत नाही. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे भरलेली गाडी घेऊन घाट उतरताना ब्रेक सतत दाबलेला असतो, ड्रम तापतात, ऑइलला वाफ धरते आणि पेडल खाली जाते. पासिंगच्या आवारात गाडी दहा मीटर चालवून ब्रेक मारून बघितला तर यातले काहीच कळणार नाही.

वजनाचा मुद्दा तर विचारातच घेतला जात नाही. शंभर लिटरची टाकी भरली की शंभर किलो झाले. त्यावर बॅटऱ्या, इन्व्हर्टर, प्लायची कपाटे, छतावर सोलर पॅनेल आणि एसी. मागचे पाटे दबतात, नाक वर होते, हेडलाइट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जातो. तपासणीला आणताना टाकी रिकामी असते आणि सामान घरी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल आरटीओच्या मंजुरीने करून आरसीत नोंदवायचा असतो. कारखान्यात बनणाऱ्या मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानकही आहे. सुताराकडून फर्निचर करून घेतलेली गाडी या दोन्हींतून सुटते. पलंगाखाली आडवा ठेवलेला घरगुती गॅस सिलिंडर आणि फ्यूजशिवाय ओढलेल्या वायरी मी स्वतः पाहिल्या आहेत. सरकते दार अडवणारे कपाटही पाहिले आहे. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि २५ जण गेले. त्या अपघाताची कारणे वेगळी असतील, पण गाडीतून बाहेर पडायची वाट बंद झाली की काय होते ते या शहराने पाहिले आहे.

ब्रिटनमध्ये ही हौस फार जुनी आहे आणि तिथली एमओटी तपासणीही. ती १९६० मध्ये दहा वर्षांवरील गाड्यांसाठी सुरू झाली. १९६७ पासून तीन वर्षांवरील गाड्या तिच्या कक्षेत आल्या. आता गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी, आणि कॅम्परव्हॅनही त्यातून सुटत नाही. ४० वर्षांवरील गाडीत मोठे बदल केलेले नसतील तर तिला सूट मिळते. मला ती सूट पटत नाही. मला मोलाचे वाटते ते वेगळेच. दोष 'धोकादायक', 'मोठा', 'किरकोळ' असा वर्ग लावून लिहिला जातो, आणि आज पास पण लवकरच बिघडेल अशी गोष्टही सूचना म्हणून नोंदवतात. पाट्यांच्या किंवा सीटबेल्टच्या आधाराच्या ३० सेंटिमीटर परिसरातला गंज वेगळा तपासतात. ही सगळी नोंद गाडीचा नंबर टाकून कुणालाही फुकट पाहता येते. जुनी व्हॅन घेणारा माणूस घरबसल्या बघतो की चार वर्षांपूर्वी चासीवर गंजाची सूचना होती, पुढच्या वर्षी पुन्हा तीच, आणि मग गाडी त्याच कारणाने नापास झाली. तिथेही गॅसची शेगडी, आतली सजावट एमओटीत तपासत नाहीत. ती उणीव आपण उचलू नये.

एक सावधगिरीही इथेच सांगतो. केवळ पास-नापासाच्या टक्केवारीवरून 'जुन्या कॅम्परव्हॅन भरवशाच्या असतात' असे कुणी ठरवू नये. तीस वर्षांच्या ज्या गाड्या तपासणीला येतात त्या जपलेल्या असतात, सडलेल्या केव्हाच भंगारात गेलेल्या असतात. शिवाय बल्ब गेला म्हणून नापास आणि चासी सडली म्हणून नापास, दोन्ही आकड्यात सारखेच. म्हणूनच मी कलमवार निकालाचा आग्रह धरतो.

मालकांची नाराजी मला माहीत आहे. दरवर्षी सुट्टी टाका, रांगेत उभे राहा, एजंट गाठा आणि वर पैसेही भरा, असे ते म्हणतील. पैशांबाबत त्यांचे म्हणणे रास्त आहे. हलक्या मोटार वाहनाच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाले, आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरील गाडीसाठी १०,००० करण्यात आले. शिवाय पर्यावरण कर आहेच. जुन्या गाडीचे वय बघून पैसे वाढवले म्हणून तिचे ब्रेक लागत नाहीत. पाच वर्षांचे शुल्क पाच भागांत घ्या आणि त्या बदल्यात गाडी पाच वेळा नीट बघा. चांगली राखलेली वीस वर्षांची गाडी सन्मानाने पास होईल आणि दुर्लक्षित सोळा वर्षांची थांबेल. वयावरून सरसकट भंगारात काढण्यापेक्षा हे न्यायाचे आहे.

यंत्रणा नव्याने शोधायची गरज नाही. केंद्राने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम केले. रोलरवर प्रत्येक चाकाचा ब्रेक किती धरतो, हेडलाइटचा झोत कुठे पडतो, सस्पेन्शन आणि स्टिअरिंगचे सांधे किती ढिले आहेत, हे सारे यंत्र मोजते. हे आकडे मालकाला आणि पुढच्या खरेदीदाराला दिसावेत. कॅम्परव्हॅनसाठी त्यात तीन गोष्टी घालाव्यात. टाकी भरून वजन करावे, गॅस आणि वायरिंग पाहावे, आणि खालचा पत्रा अंडरकोटिंगवर न थांबता टोकून बघावा. देशाचे रस्ते वाहतूक मंत्री आपल्याच शहराचे खासदार आहेत. त्यांच्यापर्यंत ही मागणी आपल्या स्तंभातून पोहोचावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपल्या वार्ताहरांनी माहिती अधिकारात एक अर्जही करावा. एमएच-३१, एमएच-४० आणि एमएच-४९ या तिन्ही नोंदणी क्रमांकांखाली पंधरा वर्षांवरील किती खासगी व्हॅनचे गेल्या पाच वर्षांत नूतनीकरण झाले, किती नाकारले, आणि नाकारताना कारण काय लिहिले, एवढे तीनच प्रश्न त्यात असावेत. जे उत्तर येईल ते जसेच्या तसे छापावे.

आपला विश्वासू,
एक गॅरेजचालक वाचक,
नागपूर