चिंगीची डावी नाकपुडी

नाशिक, 24 नोव्हेंबर

ती. आई-बाबांना सा. न.

आई, काल फोनवर तू आत्याच्या गुडघ्याचं सांगत होतीस तेव्हा मागे चिंगी शिंकत होती. मी मोजल्या, एका दमात अकरा शिंका. विचारलं तर म्हणालीस, ‘थंडी पडलीय, सर्दी असेल, दहा-बारा दिवस चाललंय.’ रात्रभर तेच डोक्यात राहिलं. फोनवर निम्मं बोलायचं राहून जातं, म्हणून लिहूनच पाठवते.

थंडी लागली, सर्दी झाली, आठवड्यात गेली, असं कुत्र्यांचं सहसा नसतं. इतके दिवस शिंका चालल्या की कारण शोधावंच लागतं. आधी एवढं बघ, नाक कुठल्या बाजूनं गळतंय. दोन्हीकडून पाण्यासारखं येत असेल तर धूर, धूळ किंवा ॲलर्जी असू शकते. ती देवघराखालीच झोपते आणि तू संध्याकाळी धूप तिथेच लावतेस. तिचं अंथरूण मागच्या खोलीत हलव, रात्रीची डासांची कॉइलही बंद कर. पण एकाच नाकपुडीतून घट्ट, पिवळट किंवा रक्ताची रेघ असलेलं येत असेल, तर ते धुरावर ढकलू नका. स्टीलची ताटली नाकासमोर धरलीत की वाफेचे दोन ठिपके उमटायला हवेत. एकच उमटला तर दुसरी बाजू चोंदलीय.

बाबा, तुम्ही परवा म्हणालात की ती डावा पंजा सारखा नाकावर घासते. मला कुसळाची शंका येतेय. तुम्ही तिला रोज चार भिंती स्मारकाच्या बाजूला फिरायला नेता, आणि अजिंक्यताऱ्याच्या उतारावरचं गवत आता वाळून कुसळांनी भरलं असेल. लहानपणी माझ्या मोज्यातलं कुसळ काढून तुम्हीच तळहातावर ठेवलं होतंत आणि पाण्याचा थेंब टाकला होतात. ते स्वतःभोवती वळायला लागलं तशी मी घाबरून हात झटकला होता. ओल्या नाकातही ते तसंच वळत असेल. टोक पुढे, केस मागे वळलेले, त्यामुळे ते आत सरकतं, सहजासहजी मागे येत नाही. म्हणून चिमट्यानं काढायला जाऊ नका. शिंका अचानक, फिरून आल्यावर सुरू झाल्या होत्या का, तेवढं आठवून ठेवा.

दुसरी शंका दाताची. तिच्या तोंडाला वास येतो, असं आई दिवाळीत म्हणाली होती आणि मी ते हसण्यावारी नेलं. अल्सेशियनला असतात तेवढेच 42 दात चिंगीच्या एवढ्याशा जबड्यात दाटीनं बसलेत, त्यामुळे कीटण लवकर चढतं. वरच्या सुळ्याचं मूळ बाहेर दिसतो त्यापेक्षा लांब असतं आणि ते व नाक यांच्यामध्ये हाडाचा पातळ पापुद्राच असतो. मुळाशी पू झाला की तो पापुद्रा झिजतो आणि घाण नाकात उतरते. मग सर्दीचं औषध कितीही दिलं तरी शिंका थांबत नाहीत, दातच काढावा लागतो. ओठ वर करून डावा सुळा बघा. हिरडी लाल आहे का, वास त्याच बाजूनं जास्त येतो का.

कधी कधी ती मान ताणून घुर्रघुर्र आवाज करत श्वास आत ओढते ना, ती उलटी शिंक. लहान कुत्र्यांत ती बरीच दिसते, मिनिटभरात थांबते आणि बहुतेक वेळा काळजीची नसते. तरी शेजारच्या मुलाला मोबाइलवर टिपून ठेवायला सांगा. डॉक्टरांसमोर नेमकी ती शिंकणार नाही.

नाकात तूप, तेल, बाम काही घालू नका. आपली सर्दीची गोळी तर मुळीच देऊ नका, त्यातल्या काही औषधांनी कुत्र्यांना विषबाधा होते. पॅरासिटामॉलही नको.

बाबा, मोतीचा घोळणा फुटला तेव्हा आपण सगळेच ‘ऊन लागलं’ म्हणत राहिलो. कांदा हुंगवला, डोक्यावर पाणी थापलं. तो गोचिडांचा ताप होता हे कळेपर्यंत आठवडा गेला आणि मोतीही गेला. पायरीवर सांडलेलं ते रक्त मी अजून विसरलेले नाही. चिंगीच्या नाकातून रक्त दिसलं, ती जेवेनाशी झाली, अंग तापलं किंवा तोंड एका बाजूनं सुजलं, तर त्याच दिवशी दाखवा. ती नऊ वर्षांची आहे. या वयात नाकात गाठही असू शकते आणि ती जितकी लवकर कळेल तितकं बरं.

एरवीही शनिवारपर्यंत थांबा, पुढे नाही. मी शुक्रवारी रात्री पोचते. आपण तिला शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेऊ. खंबाटकी ओलांडली की फार लांब नाही. नाकात खोलवर बघायचं किंवा दाताचा एक्स-रे काढायचा तर भूल द्यावी लागेल. बाबा, तिचं वय बघता तुम्हाला भीती वाटेल, मलाही वाटतेय. म्हणून आधी रक्त तपासायला सांगू आणि मगच ठरवू. खर्चाचं माझ्यावर सोडा.

तिची लसींची वही फ्रिजवरच्या बिस्किटांच्या डब्यात आहे, ती काढून ठेव आई. आणि तोवर फिरायला डांबरी रस्त्यानंच न्या, बाबा.

तुमची,
मनू