रेल्वे इंजिनाचा न्याय जहाजाला लागू नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मालवाहू जहाजांनी रेल्वेप्रमाणे डिझेल-इलेक्ट्रिक पद्धत, म्हणजे डिझेल इंजिनाने वीज बनवून त्या विजेवर मोटार चालवणे, स्वीकारावी, असे आपल्याकडील लेखात सुचवले आहे. ट्रान्सफॉर्मर आणि विजेच्या मोटारी बनवणाऱ्या बडोद्यात ही सूचना गोड वाटणारच. पण इंधनाचा हिशेब जुळत नाही.

यार्डात डबे ओढणाऱ्या इंजिनाला सर्वाधिक जोर गाडी जागची हलवताना लागतो. डिझेल इंजिन शून्य फेऱ्यांवर जोर देत नाही, म्हणून मध्ये जनरेटर आणि मोटार आली. जहाजाला ढकलणाऱ्या पंख्याचे, म्हणजे प्रोपेलरचे, उलटे आहे. त्याला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाने वाढते. निम्म्या वेगाला आठवा हिस्सा पुरतो. त्यामुळे मोठे टू-स्ट्रोक इंजिन प्रोपेलरच्या शाफ्टला (दांड्याला) थेट जोडता येते. ते सुमारे 30 बार दाबाच्या हवेने सुरू होते आणि मागे जायचे तर उलटे फिरवतात. गिअरबॉक्सही नको.

आता प्रोपेलरला 10 मेगावॉट हवेत असे धरू. थेट जोडणीत शाफ्टवर टक्काभर गळती आणि किलोवॉट-तासाला 170 ग्रॅम इंधन, म्हणजे दिवसाला 41 टन. विजेच्या मार्गाने जनरेटरमध्ये 3 टक्के, ट्रान्सफॉर्मरमध्ये 1, मोटारीचा वेग बदलण्यासाठी विजेची वारंवारता बदलणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये 2 आणि मोटारीत 3 टक्के जातात. शिवाय जनरेटर फिरवणारी फोर-स्ट्रोक इंजिने 183 ग्रॅमच्या आसपास खातात. दिवसाला 48 टन! आठवडेच्या आठवडे एकाच वेगाने चालणाऱ्या कोळशाच्या जहाजाला हा भुर्दंड कशासाठी?

कन्व्हर्टरबरोबर हार्मोनिक्सही येतात, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पाचपट, सातपट अशा नको असलेल्या लहरी. सहा-पल्स (विजेच्या एका आवर्तनात सहा ठोके देणारा) कन्व्हर्टर पाचवा आणि सातवा हार्मोनिक सोडतो. बारा-पल्स जोडणीत ट्रान्सफॉर्मरच्या दोन वाइंडिंगमध्ये 30 अंशांचा फरक ठेवून ते मारता येतात; उरलेल्यांसाठी फिल्टर लागतो. 'क्वीन मेरी 2' या प्रवासी जहाजावर 23 सप्टेंबर 2010 रोजी बार्सिलोनाजवळ अशाच फिल्टरचा कपॅसिटर फुटला आणि सगळे जहाज अंधारात गेले. कपॅसिटर खराब होताना इशारा देणारी यंत्रणा कित्येक वर्षे बंदच होती. फिल्टर बसवला की त्याच्याकडे पाहायचे नाही, ही खोड कारखान्यांतही आहे.

भार सतत बदलतो तिथे मात्र हीच पद्धत सरस. फेरीबोटी, तेलविहिरींची पुरवठा जहाजे आणि गाळ उपसणारे ड्रेजर यांना चारपैकी दोन जनरेटर बंद करून उरलेले 80 टक्के भारावर चालवता येतात. अर्ध्या भारावर रेंगाळणाऱ्या इंजिनात काजळी साचते, ती टळते. साध्या मालवाहू जहाजाला थेट इंजिन ठेवून शाफ्टवरच मोटार-जनरेटर बसवावा. समुद्रात तो जहाजाची वीज बनवील, बंदरात बॅटरीवर प्रोपेलर फिरवील.

कोणत्या भारावर जहाज वर्षाकाठी किती तास चालणार, एवढा तक्ता निविदेआधी मागवावा. पद्धत त्यावरून ठरवावी.

— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे