विन्या, पोराच्या टेनिसबद्दल

प्रिय विन्या,

तुझा एवढा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला, तेवढ्यात फोनच केला असतास की लेका. असो. चिन्मयचा कोच म्हणतोय बारावी झाली की थेट फ्युचर्स, म्हणजे प्रो टेनिसच्या सगळ्यात खालच्या पायरीच्या स्पर्धा, खेळायला बाहेर काढा, कॉलेजात वर्षं वाया जातील, आणि वहिनी म्हणतायत आधी डिग्री. मी वहिनींच्या पार्टीत, पण डिग्रीसाठी नाही, मला टेनिससाठीच अमेरिकेतलं कॉलेज बरं वाटतंय.

अमेरिकेच्या बेन शेल्टनचं बघ. बाप ब्रायन शेल्टन स्वतः टूरवर खेळलेला, १९९४ ला विम्बल्डनच्या चौथ्या फेरीत गेलेला, त्यामुळे घरात सगळं माहीत. तरी पोरगं फ्लोरिडा युनिव्हर्सिटीत खेळलं, कोच बापच. २०२२ ला एनसीएएचं, म्हणजे अमेरिकन कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेचं, सिंगल्स जिंकलं, ऑगस्टमध्ये सिनसिनाटीत तेव्हा पहिल्या दहात असलेल्या कॅस्पर रूडला सरळ सेटमध्ये उडवलं आणि मग कुठं प्रो झालं. वर्ष संपायच्या आत अमेरिकेतच ओळीनं तीन चॅलेंजर, म्हणजे मोठ्या टूरच्या खालच्या पातळीच्या स्पर्धा, मारल्या. आणि जानेवारी २०२३ ला पठ्ठ्या आयुष्यात पहिल्यांदा अमेरिकेबाहेर पडला तो थेट ऑस्ट्रेलियन ओपनच्या क्वार्टर फायनलला! आपली पोरं चौदाव्या वर्षी पासपोर्टवर शिक्के मारून घेतात, आणि हा विसाव्या वर्षी पहिल्यांदा परदेशात, म्हणून मला ही गोष्ट लई आवडते.

आता कॉलेजात मिळतं काय? मी यूट्यूबवर त्या मॅचेस बघत बसतो, बायको वैतागते. आपल्याला टेनिस म्हणजे पिनड्रॉप सायलेन्स माहीत, तिथं तसलं काही नाही. आधी डबल्सचा एक पॉइंट, मग सहा सिंगल्स जवळपास एकदमच चालू, प्रत्येकीचा एक पॉइंट, ज्या टीमचे चार पॉइंट आधी होतील ती जिंकली. ड्यूसला अ‍ॅडव्हान्टेज नाही, पुढचा पॉइंट घेईल त्याचा गेम. मुलांच्या सिंगल्समध्ये सर्व्हिस नेटला लागून आत पडली तरी खेळ चालूच, थांबायचं नाही. आणि शेजारच्या कोर्टवरनं टीमची पोरं बोंबलतायत, प्रेक्षक तुझ्या नावानं शिमगा करतायत, म्हणजे कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार फुटबॉल मॅच लागल्यासारखं समज. त्या दंग्यात दोन वर्षं सर्व्हिस केलेल्या पोराला न्यूयॉर्कचं पब्लिक काय घाबरवणार? २०२३ च्या यूएस ओपनला बेननं एकाच गेममध्ये दोनदा १४९ मैलांची सर्व्हिस मारली, ताशी २४० किलोमीटर झाली. सेमीफायनल आपल्याकडं रात्री साडेबारानंतर होती, मी जागा होतो. जोकोविचनं सरळ सेटमध्ये घरी पाठवलं, वर बेनचीच ती जिंकल्यावर फोन आपटायची अ‍ॅक्शनही बेनला करून दाखवली, आणि मी एकटाच हॉलमध्ये हसतोय.

मधे काय झालं ते कोणी सांगत नाही बघ. ऑस्ट्रेलियानंतर महिनोन्‌महिने सपाटून मार खाल्ला, क्ले कोर्ट तर त्याला नवीनच. पण तोवर शंभरच्या आत आला होता, मोठ्या स्पर्धांत पात्रता फेरी न खेळता थेट प्रवेश मिळत होता, त्यामुळे हरला तरी थोडाफार चेक येत होता. आपला पोरगा फ्युचर्समध्ये तसाच हरला तर तिकीट तुझं, हॉटेल तुझं, कोचचा खर्च तुझा.

तू म्हणशील त्याचा बाप कोच होता. बरोबर, म्हणून आपला सोमदेव देववर्मन घे. व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीत राहिला, २००७ ला एनसीएएच्या फायनलमध्ये जॉन इस्नरला हरवलं, २००८ ला परत जिंकला. २००९ ला वाइल्ड कार्डवर चेन्नई ओपनची फायनल, २०१० ला एशियन गेम्सचं सिंगल्स-डबल्स दोन्ही गोल्ड. आणि २०२५ ला डेव्हिस कपला स्वित्झर्लंडमध्ये जाऊन जिंकलेल्या आपल्या टीममधला दक्षिणेश्वर सुरेश, तो पण वेक फॉरेस्टचा कॉलेज प्लेयर, रँकिंग तेव्हा सहाशेच्या पुढं.

अल्काराझ, सिनर कॉलेजात गेले नाहीत हे मलाही माहितंय. पण चिन्मय अल्काराझ असता तर तू मला विचारत बसला नसतास, राग मानू नकोस.

एक मात्र नीट बघ. स्कॉलरशिप म्हणजे सगळं फुकट असं धरून चालू नको. २०२५ पर्यंत डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळातल्या सगळ्यात वरच्या गटाच्या, मुलांच्या अख्ख्या टीमला मिळून साडेचारच स्कॉलरशिप असायच्या, मुलींना आठ, आता नियम बदललेत, तरी प्रत्येक कॉलेजला नेमकं किती देणार ते लेखी विचार. तिथले कोच यूटीआर रेटिंग, म्हणजे मॅचेसच्या निकालांवरून ठरणारं जागतिक रेटिंग, बघतात, त्यामुळे नुसत्या एआयटीएच्या, म्हणजे आपल्या टेनिस संघटनेच्या, पॉइंटमागं पळवू नका, मॅचेस खेळू दे. व्हिडिओ पाठवायचा तर पूर्ण सेटचा पाठव, निवडक शॉट्सचा नको. आणि बारावीचे मार्क लागतातच, हे वहिनींना सांगू नकोस, उगाच जिंकल्यासारखं वाटेल.

दिवाळीत येताय ना? चिन्मयला रॅकेट आणायला सांग, सकाळचं कोर्ट बुक करून ठेवतो, आणि तू पण शूज आण, पोट बघितलंय मी फोटोत.

तुझा,
पद्या