मूलपेशी शरीरात टिकल्या का, हेही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मूलपेशींच्या (म्हणजे स्टेम सेल, ज्यांपासून शरीरातील इतर पेशी घडू शकतात) उपचारांच्या बातम्या वाचताना मला एक उणीव सतत खटकते. पेशी प्रयोगशाळेत कशा घडवल्या आणि रुग्णाला काय फायदा झाला, एवढे बातमीत असते. रुग्णाच्या शरीराने त्या पेशी स्वीकारल्या का, कोणत्या औषधांच्या जोरावर स्वीकारल्या, ती औषधे किती काळ घ्यावी लागणार, याचा शोध घ्यावा तर बहुतेक वेळा एक ओळही सापडत नाही. मी रोगप्रतिकारशास्त्र शिकवते. या विषयातला सर्वांत अवघड प्रश्न नेमका हाच आहे आणि तोच वाचकांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून हे पत्र.

परक्या पेशी शरीर का नाकारते, याचा पाया दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या रुग्णांवर उपचार करताना घातला गेला. ब्रिटनमधील संशोधक पीटर मेडावर आणि शल्यचिकित्सक थॉमस गिब्सन यांनी १९४३ मध्ये दाखवले की दुसऱ्याची त्वचा लावली तर ती काही दिवसांत गळून पडते. त्याच दात्याची त्वचा पुन्हा लावली तर ती आणखी लवकर गळते. म्हणजे शरीर परक्याला ओळखते आणि ती ओळख लक्षातही ठेवते. पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ झां दोसे यांच्या कामातून माणसातील ही ओळख पटवणारी एचएलए प्रथिने उलगडत गेली. त्यांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर असतात आणि आईकडून एक, वडिलांकडून एक असे दोन संच आपल्याला मिळतात. म्हणूनच सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक असते.

मूलपेशींचे प्रत्यारोपण ही काही उद्याची गोष्ट नाही. अस्थिमज्जेचे, म्हणजे बोन मॅरोचे, प्रत्यारोपण हे मूलपेशींचेच प्रत्यारोपण आहे आणि त्यासाठी अमेरिकी डॉक्टर डोनाल थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल मिळाले. इथे प्रश्न दुहेरी असतो. रुग्णाचे शरीर दात्याच्या पेशी नाकारू शकते, तशाच दात्याच्या मज्जेतून आलेल्या टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) रुग्णाच्या त्वचेवर, यकृतावर आणि आतड्यांवर हल्ला चढवू शकतात. याला ग्राफ्ट व्हर्सस होस्ट आजार म्हणतात. मग या टी पेशी आधीच काढून टाकल्या तर? तसे करून पाहिले गेले. हल्ला कमी झाला, पण मज्जा न रुजण्याचे आणि रक्ताचा कर्करोग उलटण्याचे प्रमाण वाढले. रुग्णाला त्रास देणाऱ्या त्याच पेशी शिल्लक कर्करोगही निपटून काढत होत्या. एकसारख्या जुळ्या भावंडाची मज्जा मिळालेल्या रुग्णांत हा हल्ला होत नाही, मात्र त्यांच्यात कर्करोग उलटण्याचे प्रमाण अधिक दिसते. प्रतिकारशक्ती म्हणजे उपचाराच्या वाटेतला केवळ अडथळा, असे जे चित्र रंगवले जाते ते इथेच चुकीचे ठरते.

आता सर्वांत पसरलेल्या समजुतीकडे येते: रुग्णाच्याच पेशींपासून हवा तो अवयव घडवला की नाकारण्याचा प्रश्नच उरत नाही. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या प्रौढ पेशींना मूलपेशींसारख्या अवस्थेत परत नेले. या आयपीएस पेशींमुळे ही आशा निर्माण झाली आणि ती निराधार नव्हती. पण २०११ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात, जनुकीयदृष्ट्या एकसारख्या उंदरांनीही अशा काही पेशींपासून वाढलेल्या गाठी नाकारल्याचे दिसले. खळबळ माजली. २०१३ मध्ये दुसऱ्या गटांनी या पेशींपासून तयार केलेली त्वचा आणि मज्जा यांसारख्या पक्व ऊतींचे प्रत्यारोपण केले, तेव्हा असा विरोध नगण्य आढळला. वादावर पडदा पडला असे वाटत असतानाच २०१९ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. प्रयोगशाळेत वाढताना पेशींच्या मायटोकॉन्ड्रियातील (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांतील) डीएनएमध्ये लहान बदल होऊ शकतात, त्यातून नवी प्रथिने तयार होतात आणि प्रतिकारशक्ती त्यांना परके समजू शकते. अशा वेळी एचएलए शंभर टक्के स्वतःचे असूनही पेशी नाकारली जाण्याची शक्यता राहते.

जपानमधील कोबे येथे २०१४ मध्ये डोळ्याच्या मॅक्युलाच्या (दृष्टिपटलाच्या मध्यभागाच्या) ऱ्हासाने ग्रासलेल्या एका वृद्धेला तिच्याच आयपीएस पेशींपासून केलेला दृष्टिपटलामागच्या पेशींचा पातळ थर बसवण्यात आला. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे न देता तो टिकला. नजर सुधारली नाही, खालावलीही नाही. दुसऱ्या रुग्णासाठी तयार केलेल्या पेशींत मात्र जनुकीय बदल सापडले आणि ते प्रत्यारोपण थांबवले गेले. प्रत्येक रुग्णासाठी वेगळ्या पेशी घडवून तपासण्यात किती वेळ आणि पैसा लागतो, हेही तोवर ध्यानात आले होते. २०१७ मध्ये तिथल्याच संशोधकांनी एचएलए जुळणाऱ्या निरोगी दात्याच्या, आधीच साठवून ठेवलेल्या पेशी वापरल्या. ‘स्वतःच्याच पेशी’ हा मार्ग ज्यांनी पहिल्यांदा माणसात चालून दाखवला, तेच दात्याच्या पेशींकडे वळले, हे फार बोलके आहे. शिवाय डोळ्याच्या आतला भाग प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने काहीसा सुरक्षित असतो. तिथे टिकलेले स्नायूत किंवा यकृतात टिकेलच असे गृहीत धरता येत नाही.

टाइप वन मधुमेहात तर पेच आणखी घट्ट आहे. या आजारात शरीर स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. नव्या पेशी रुग्णाच्या स्वतःच्या असल्या तरी जुना हल्ला त्यांच्यावरही होऊ शकतो. चीनमधील तियानजिनच्या एका तरुणीला तिच्याच पेशींपासून तयार केलेल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी दिल्याचे आणि वर्षभर तिला इन्सुलिन घ्यावे न लागल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ही बातमी जगभर गाजली. यकृत प्रत्यारोपणामुळे ती आधीपासूनच प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत होती, ही बाब मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटली. औषधांशिवाय त्या पेशी टिकल्या असत्या का, हे तिच्या उदाहरणावरून सांगताच येत नाही.

टाइप वन मधुमेहावरच्या, दात्याच्या मूलपेशींपासून बनवलेल्या झिमिस्लेसेल या उपचाराचे निकाल २०२५ मध्ये आले. पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ पैकी १० जणांना वर्षाअखेरीस इन्सुलिनची गरज उरली नव्हती. मला हा निकाल खरोखर मोठा वाटतो. पण या रुग्णांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागली आणि त्या चाचणीतील एका रुग्णाचा मृत्यू क्रिप्टोकॉकस बुरशीमुळे झालेल्या मेनिन्जायटिसने (मेंदूच्या आवरणाच्या दाहाने) झाला. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांना गाठणारा हा संसर्ग आहे. रोजची इन्सुलिनची सुई सोडून त्या बदल्यात कोणता धोका पत्करायचा, हा निर्णय रुग्णाचा आहे. त्याच्यासमोर दोन्ही पारडी ठेवली गेली पाहिजेत.

म्हणून आता पेशींनाच प्रतिकारशक्तीच्या नजरेआड करण्याचे प्रयत्न चालू आहेत. बी२एम आणि सीआयआयटीए ही जनुके बंद केली की पेशीवरची एचएलए प्रथिने जवळपास नाहीशी होतात आणि टी पेशींना ती पेशी दिसत नाही. मात्र एचएलए नसलेली पेशी दिसली की नैसर्गिक मारक पेशी (प्रतिकारशक्तीच्याच आणखी एका प्रकारच्या पेशी) तिच्यावर तुटून पडतात, कारण शरीराच्या दृष्टीने ही ओळख लपवण्याची खूण असते. त्यांना रोखण्यासाठी पेशीवरचे सीडी४७ हे, ‘मला मारू नका’ असा इशारा देणारे प्रथिन वाढवले जाते. स्वीडनमध्ये एका मधुमेही रुग्णाच्या हाताच्या कोपराखालच्या स्नायूत असे बदल केलेल्या पेशी, मृत दात्याच्या स्वादुपिंडातून घेतलेल्या, टोचण्यात आल्या. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे न देताही १२ आठवड्यांनंतर त्या जिवंत होत्या आणि इन्सुलिन बनवत होत्या. त्याच मिश्रणातल्या बदल न झालेल्या पेशी मात्र मारल्या गेल्या. मात्रा कमी होती, त्यामुळे त्याला बाहेरून इन्सुलिन घ्यावे लागतच होते. रुग्ण एकच, काळ थोडा, तरीही हा निकाल वाचताना मी हरखून गेले.

आणि त्याच वेळी धास्तीही वाटली. शरीराला न दिसणाऱ्या पेशीत विषाणू शिरला, किंवा ती कर्करोगाच्या वाटेला लागली, तर तिला पकडणार कोण? आयपीएस पेशींपासून उपचार बनवताना एखादी अपक्व पेशी मागे राहून गाठ होण्याचा धोका असतोच. गरज पडल्यास बाहेरून औषध देऊन या पेशी मारता येतील असे जनुक त्यांत आधीच घालून ठेवण्यावर काम सुरू आहे. ते किती खात्रीचे ठरते, यावर या मार्गाचे बरेच भवितव्य अवलंबून राहील. उंदरांवरच्या प्रयोगांनी ही खात्री पटवणे कठीण आहे, कारण मानवी पेशी रुजाव्यात म्हणून अनेकदा प्रतिकारशक्तीच नसलेले उंदीर वापरावे लागतात.

संपादक महोदय, माझी विनंती साधी आहे. मूलपेशींच्या उपचाराची बातमी देताना पेशी कोणाच्या होत्या, रुग्ण कोणती प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत होता आणि पेशी टिकल्याचे किती महिन्यांनी, कशावरून तपासले, हे वार्ताहराने विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर तेही छापावे. ‘मूलपेशींना शरीर विरोध करत नाही’ असे सांगून इंजेक्शने विकणाऱ्यांच्या जाहिराती स्वीकारतानाही हेच प्रश्न विचारले जावेत. मेसेन्कायमल मूलपेशींबद्दल (मज्जा, चरबी अशा ऊतींतून मिळणाऱ्या मूलपेशींबद्दल) असा दावा एकेकाळी संशोधकही करत. दात्याच्या अशा पेशी शरीर थोड्या उशिरा का होईना, काढून टाकते, हे आता ठाऊक झाले आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
रोगप्रतिकारशास्त्राची एक शिक्षिका