ज्युनिपरचं पुढे काय, त्याबद्दल

प्रिय सानू,

काल जेवताना तुझ्या घोड्याचा, ज्युनिपरचा, विषय निघाला आणि तू ताट तसंच ठेवून वर गेलीस. बाबा म्हणाले आता नको काढूस, स्पर्धा होऊ दे, मग बघू. पण मग बघू म्हटलं तर तेव्हा तुझ्या हातात बक्षिसाची रिबन असेल किंवा नसेल, दोन्हीकडून रडू येणार, आणि त्याच दोन-तीन दिवसात लोक येऊन विचारणार की घोडा ठेवणार का देणार. तेव्हा घाईत ठरवायला लागू नये असं मला वाटतं, म्हणून आज लिहून काढतेय. तोंडी बोलले तर तू मधेच तोडशील आणि माझाही आवाज चढेल.

आधी सरळ सांगून टाकते. मला वाटतं स्पर्धा झाल्यावर ज्युनिपरला प्राइनव्हिलच्या त्या बाईंकडे द्यावं. मला तो जड झालाय म्हणून नाही गं. मला तो किती आवडतो ते तुला माहितीये, रोज तुला बार्नवर सोडायला म्हणून येते आणि मग कुंपणाला टेकून दोन-दोन तास उभी राहते ती कशासाठी?

बर्न्सला गेलो होतो ते आठव. हिल्सबरोपासून तीनशे मैल, बेंड सोडल्यावर हायवे २० वर नुसता सेजब्रश आणि ती ज्युनिपरची वाकडी झाडं, त्यावरूनच तू नाव ठेवलंस. बीएलएमच्या, म्हणजे सरकारी जमिनी आणि त्यावरचे रानटी घोडे बघणाऱ्या खात्याच्या, त्या कोरलमध्ये, कुंपण घातलेल्या आवारात, शेकडो घोडे, आणि सगळे आपल्याकडे पाठ करून पलीकडच्या कोपऱ्यात दाटलेले. हा त्यातला एक, स्टीन्स डोंगराच्या दक्षिणेकडून आणलेला, गळ्यात दोरी, दोरीला नंबरचा टॅग, मानेच्या डाव्या बाजूला तो पांढरा फ्रीझमार्क. नायट्रोजनमध्ये गार केलेल्या लोखंडाने ती खूण करतात आणि तिथले केस पुढे कायमचे पांढरे येतात, त्यात त्याचं जन्मवर्ष पण वाचता येतं हे तूच मला दाखवलंस. हेलिकॉप्टरने हाकत आणलेला, मग खच्ची केलेला, लसी टोचलेल्या, म्हणजे माणसाकडून त्याला तोपर्यंत मिळालं ते एवढंच. असा घोडा माणसाला का म्हणून जवळ येऊ देईल असं मला त्या दिवशी वाटलं होतं, तुला बोलले नाही.

आणि मग तू काय केलंस ते मी पाहिलंय. बाकी कुणी पाहिलं असेल नसेल. सुरुवातीला तू काहीच करत नव्हतीस. बादली उलटी ठेवून त्यावर बसायचीस आणि केमिस्ट्रीचं पुस्तक वाचायचीस, त्याच्याकडे बघायचीच नाहीस. गाजर दिलं तर त्याला ते खायचं असतं हेच माहीत नव्हतं, वाळकं गवत सोडून कशालाच तोंड लावायचा नाही. मग एक पाऊल पुढे, तो थांबून तुझ्याकडे वळला की लगेच तू पाठ फिरवून लांब. मला आधी कळायचंच नाही की जवळ जायचंय तर ही लांब का जातेय. तू समजावलंस की घोडा शिकतो तो दाब सुटतो त्या क्षणी, दाब देताना नाही, म्हणून सोडायची वेळ अर्धा सेकंद चुकली तरी तो भलतंच शिकतो. एवढा हिशोब तुझ्या डोक्यात सतत चालू असायचा आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं पोरगी नुसती उभी आहे.

गळ्यातला तो टॅग तू काढलास तो दिवस तर मी विसरणारच नाही. घोड्याचा गळा म्हणजे प्यूमा जिथे पकडतो ती जागा, तिथे हात जाऊ देणं म्हणजे त्याने काय दिलं तुला! हाताखाली त्याची कातडी थरथरत होती आणि तू हात काढला नाहीस, दाबलाही नाहीस, तसाच ठेवलास, तो शांत झाला तेव्हा काढलास, आणि हे किती वेळा केलंस कुणास ठाऊक, मग शेवटी कात्री. त्यानंतर तोंडावर हॉल्टर, म्हणजे मोहरकी, मग दोरीला धरून चालणं, मग पाय उचलून देणं. पुढचं सगळं भराभर झालं.

आता तू म्हणतेस की त्याने माझ्यावर विश्वास टाकला आणि मी त्याला सोडून देऊ? काल तुझं हेच वाक्य अर्धं राहिलं. त्याला माझं उत्तर असं आहे. तू त्याला नुसतं तुझ्याशी बांधून घ्यायला शिकवलंच नाहीस. एप्रिलपासून तू मुद्दाम दोरी दुसऱ्यांच्या हातात दिलीस, बार्नमधल्या त्या आजोबांच्या, त्या छोट्या मुलीच्या, एकदा तर माझ्यासुद्धा. खुरांचं काम करणारा फॅरिअर आला तेव्हा तू बाजूला जाऊन उभी राहिलीस म्हणजे त्याला अनोळखी माणसाला खूर द्यायची सवय व्हावी. स्पर्धेत नवख्या जागी, नवख्या माणसांमधे उभं राहायचंय म्हणून केलंस ते खरं, पण त्याने झालं काय, तर हा घोडा आता कुणाही चांगल्या माणसाबरोबर जगू शकतो. हे तू त्याला दिलंयस आणि ते त्याच्याबरोबर कुठेही जाईल.

त्याच्याजवळ जे नाही ते सांगते, कारण मी संध्याकाळी उशिरापर्यंत थांबते तेव्हा मला ते दिसतं. तो एकटा आहे. बोर्डिंगवाल्यांनी त्याला कोपऱ्यातला कप्पा दिलाय, नियमाप्रमाणे चारशे स्क्वेअर फूट आहे, कुंपण पुरेसं उंच आहे, त्यांचं काही चुकत नाही. पण शेजारचे घोडे शनिवार-रविवार शोला जातात आणि हा कान टवकारून ट्रेलर गेला त्या दिशेला ओरडत बसतो. घोड्याला गाढ झोप लागायला आडवं व्हावं लागतं, आणि कळपात असला की कुणीतरी एक उभा राहून पहारा देतो म्हणून बाकीचे आडवे होतात. मी ज्युनिपरला आडवा झालेला बघितलंय ते फक्त ती म्हातारी घोडी पलीकडच्या कप्प्यात होती तेव्हा. ती गेल्यापासून मी जेव्हा जेव्हा बघितलं तेव्हा तो उभाच. तू दिवसातून दोन तास त्याच्याजवळ असतेस, फार तर तीन, उरलेल्या वेळाचं काय? आणि पुढच्या सप्टेंबरमधे कॉलेज सुरू होईल तेव्हा?

इंदापूरला माझ्या आजोबांच्या शेतात धनगरांचा वाडा बसायचा, मेंढ्या आणि बरोबर त्यांची घोडी, भीमथडीची ती बुटकी काटक तट्टं, पाठीवर अख्खा संसार, भांडी, कोंबड्या, वर एखादं लेकरू. घोड्याबद्दल मला जे काय कळतं ते तिथून आलंय. ती घोडी मी कधी एकटी बघितली नाहीत. मेंढ्या, कुत्री, दुसरी घोडी, माणसं, सतत कुणीतरी. म्हणून कदाचित मला ज्युनिपर त्या कोपऱ्यात उभा बघवत नाही.

प्राइनव्हिलच्या बाईंकडे दोन मस्टँग, म्हणजे ज्युनिपरसारखेच रानातून आणलेले घोडे, आधीच आहेत. पहिले काही आठवडे कोरलमधे ठेवणार, मग बाकीच्यांबरोबर कुरणात. मी त्यांच्याशी फोनवर बोलले (तुला न सांगता बोलले, त्याचा राग येईल, येऊ दे, पण मला आधी खात्री करायची होती की हे तुझ्यासमोर ठेवण्याइतकं तरी आहे का). मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या की तो दोन वर्षांचा आहे, चार वर्षांचा होईपर्यंत मी त्याच्यावर बसणार नाही. तूच मला सांगितलं होतंस ना की घोड्याच्या मणक्यांची वाढ पूर्ण व्हायला साडेपाच-सहा वर्षं लागतात, म्हणूनच तू त्याला इन-हँड गटात, म्हणजे वर न बसता दोरी धरून चालवायच्या गटात घातलंस, बसायच्या गटाचा हट्ट धरला नाहीस. त्या बाई तुझ्यासारखाच विचार करतात हे ऐकून मला खूप बरं वाटलं.

कागदाचं पण बघायला हवं. अठराच्या आतल्या मुलांना दत्तक देत नाहीत म्हणून सही माझी आहे, एकशे पंचवीस डॉलर भरून तो आपल्याकडे आला असला तरी वर्ष पूर्ण होऊन टायटल, म्हणजे मालकीचा कागद, मिळेपर्यंत तो कायद्याने सरकारचाच आहे. विकता येत नाही, परस्पर कुणाला देताही येत नाही, बीएलएमला कळवून, त्यांच्या परवानगीने दुसऱ्या पात्र माणसाकडे द्यावा लागतो. ते सगळं मी करीन, त्याची काळजी करू नकोस.

अजून एक गोष्ट माझ्या मनात घोळते. तू मला त्या नेवाडाच्या वेल्मा जॉन्स्टनबद्दल वाचायला दिलं होतंस, सगळे तिला वाइल्ड हॉर्स ॲनी म्हणायचे. ट्रकमधून रक्त गळताना बघून तिने मस्टँगसाठी लढायला सुरुवात केली आणि शाळेतल्या पोरांनी वॉशिंग्टनला पत्रांचा पाऊस पाडला, तेव्हा कुठे १९७१ चा कायदा झाला. तुझ्या वयाची आणि तुझ्याहून लहान पोरं होती ती. त्या कायद्याने रानातल्या घोड्यांना पकडण्या-मारण्यावर बंदी आली, पण आज काय परिस्थिती आहे ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. सरकारच्या मते त्या जमिनीवर साधारण सव्वीस हजार जनावरं राहू शकतात, प्रत्यक्षात आहेत त्याच्या जवळजवळ तिप्पट, आणि पकडून आणलेली साठ हजारांच्या वर कोरलमधे आणि भाड्याच्या कुरणांवर पडून आहेत. बहुतेक वर्षी जेवढे पकडतात तेवढ्यांना घरं मिळत नाहीत. का मिळत नाहीत, तर माणसाला हात लावू न देणारा घोडा घरी न्यायची बहुतेकांची हिंमत नसते. मला वाटतं या स्पर्धा त्यासाठीच आहेत, शंभर-एक दिवसात एका जनावराची भीती मोडायची म्हणजे त्याला घर मिळतं. ज्युनिपरला तू त्या साठ हजारांमधून बाहेर काढलंस. आता त्याला घेऊन जायला कुणीतरी चांगलं माणूस दारात उभं आहे, हे तुझ्या कामाचं फळ आहे असं मी मानते. तुला ते हरल्यासारखं वाटतंय आणि मला त्याचंच वाईट वाटतं.

आता दुसरी बाजू. हे सगळं वाचून तू म्हणालीस की नाही, मला ठेवायचाच आहे, तर मी आडवी येणार नाही. पण मग नीट ठेवायचा. म्हणजे हे बोर्डिंग सोडून अशी जागा शोधायची जिथे तो दुसऱ्या घोड्यांबरोबर कुरणात राहील, मग ती घरापासून तासभर लांब असली तरी चालेल. कॉलेज ओरेगॉनमधेच, निदान दर शनिवार-रविवार येता येईल इतक्या अंतरावर, आणि हे तू स्वतः स्वीकारायचं, नंतर मला म्हणायचं नाही की घोड्यामुळे माझं हे राहिलं आणि ते राहिलं. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. तो म्हातारा होईल तेव्हा तू आज मी आहे त्या वयाच्या आसपास असशील. मी घाबरवत नाहीये, फक्त एवढा लांबचा विचार सतराव्या वर्षी कुणी आपणहून करत नाही म्हणून मी तुझ्यासाठी करून ठेवते. खर्चाचा अर्धा भाग आम्ही देऊ, बाबांशी बोलणं झालंय.

स्पर्धेचं म्हणशील तर मला काळजी नाही. अडथळ्यांमधल्या त्या पुलावर थांबला तर थांबू दे, तुला माहितीये काय करायचं, ताडपत्रीवरून तर तो आता मजेत चालतो. ट्रेलरमधे चढायला वेळ लावतो म्हणून तू परवा रडवेली झाली होतीस, पण ओढाओढी न करता तो चढतो ना, मग किती मिनिटं लागली याने मला काही फरक पडत नाही. जजला पडत असेल तर पडू दे.

येत्या रविवारी आपण दोघी प्राइनव्हिलला जाऊया, ज्युनिपरला न घेता, फक्त बघायला. काही ठरवायचं नाही तिथे. कुंपण बघ, त्यांच्या घोड्यांचे खूर बघ, ते घोडे त्यांना बघून जवळ येतात का लांब जातात ते बघ, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. त्यांना काय विचारायचं ते आधी लिहून ठेव: हिवाळ्यात पाणी गोठलं की काय करतात, गवत कुठून आणतात, व्हेट किती लांब आहे, नवा घोडा कळपात कसा सोडतात, आणि तुला भेटायला येऊ देतील का. शेवटचं मी विचारलंय, हो म्हणाल्यात, पण तू स्वतः विचार.

सकाळी सातला निघू. डबा मी करते.

आई