डिस्चार्ज कार्डावर कळशी लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

29 सप्टेंबरला जागतिक हृदय दिन असतो तेव्हा तुमच्या पेपरात हृदयविकारावर पानभर मजकूर येतो, मी तो दरवर्षी वाचते, कापून पण ठेवते. पण वॉल्व्हचं, म्हणजे हृदयातल्या झडपेचं, ऑपरेशन करून घरी आलेल्या बाईचं पुढे काय होतं ते त्यात एकदाही वाचायला मिळालं नाही, म्हणून शेवटी मीच लिहायला बसले.

आमच्या एकाच घरात दोन वॉल्व्हची ऑपरेशनं झाली. मोठ्या दिरांचं दिवाळीनंतर आणि माझं त्यानंतर तीन महिन्यांनी, फेब्रुवारीत. दोन्ही मुंबईला, दोन्ही छातीचं हाड मधोमध उघडून. ते 68 वर्षांचे, त्यांचा एऑर्टिक वॉल्व्ह वयामुळे चुना साठून कडक झाला होता, त्यांना टिश्यू (जनावराच्या ऊतीपासून केलेला) वॉल्व्ह बसवला. मी 44 ची, लहानपणी ताप येऊन सांधे सुजायचे त्यातून मायट्रल वॉल्व्ह आकसलेला, मला धातूचा बसवला. आजार वेगळा, वय वेगळं, त्यामुळे त्यांची माझी सरळ तुलना होणार नाही हे मला मान्य आहे. पण हातात पडलेलं डिस्चार्ज कार्ड जवळजवळ सारखंच होतं, आणि मला वाटतं घोळ तिथेच आहे.

कार्डावर लिहिलेलं, तीन महिने जड वस्तू उचलू नये. दिरांना ते लगेच कळलं, कारण त्यांना उचलायचं असं काही नव्हतंच, जाऊबाई पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून द्यायच्या. मला वाटलं जड म्हणजे तांदळाची गोणी, गॅसचा सिलेंडर. कळशी जड असते हे माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण ती रोजचीच. बारा लिटरची कळशी म्हणजे नुसतं पाणीच बारा किलो, आणि डॉक्टर मॅडमनी नंतर सांगितलं की चार-पाच किलोच्या वर काही नको. विहिरीतून पोहरा ओढणं, विळीवर नारळ खवणं, पाट्यावर वाटण वाटणं, भाकरी थापणं, खळं झाडणं, या सगळ्यात जोर हातावर दिसतो पण ताण छातीच्या हाडावर जातो. ते हाड स्टीलच्या तारांनी बांधलेलं असतं आणि नीट सांधायला दोन-तीन महिने लागतात. तिसऱ्या आठवड्यात मी कळशी उचलली आणि छातीत कट् असा आवाज आला, मी तिथेच खाली बसले. तारा टिकल्या हे माझं नशीब.

आमच्या ह्यांना दोष देत नाही, त्यांना कोणी समोर बसवून सांगितलंच नव्हतं. सासूबाई ऐंशीच्या, मुलगी दहावीला, एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला, चाकरमानी घरी आलेले. मी उठून बसायला लागले म्हणजे बरी झाले असं सगळ्यांनी धरलं आणि खरं सांगायचं तर मीपण धरलं. पुरुष आजारी पडला की घर त्याच्याभोवती गोळा होतं आणि बाई आजारी पडली की घर तिची वाट बघतं.

आता जे लिहितेय ते छापायला संकोच वाटला तरी कृपा करून कापू नका. बायकांना छातीचा भार जखमेवर दोन्ही बाजूंनी ओढ देतो, त्याने दुखतं जास्त आणि खालच्या टोकाला घामाने जखम ओली राहते, आपल्याकडच्या उकाड्यात तर राहतेच. पुढून हूक असलेली, तारा नसलेली मऊ ब्रेसियर दिवसरात्र घातली की आधार मिळतो. ही एवढीशी गोष्ट मला पाचव्या आठवड्यात कळली, तोवर जखमेच्या खालच्या टोकाला पू झाला होता. वॉर्डात सांगणारं कोणी नव्हतं असं नाही, विचारायची लाज मला वाटली आणि सांगायचं त्यांना सुचलं नाही.

दुसरं पाळीचं. धातूचा वॉल्व्ह म्हणजे रक्त पातळ करायची गोळी जन्मभर, आणि मायट्रलला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा तपासणीतला आकडा, साधारण अडीच ते साडेतीनच्या मध्ये ठेवावा लागतो. दिरांची ती गोळी तीन महिन्यांनी बंद झाली. माझी पाळी दहा-दहा दिवस चालायची, हिमोग्लोबिन आठवर आलं, आणि मी घाबरून दोन दिवस गोळी सोडली. असं कधी कोणी करू नका! गोळी सोडली तर वॉल्व्हवर गुठळी धरते, वॉल्व्ह अडकू शकतो, अर्धांगवायू होऊ शकतो. बायकांच्या डॉक्टरकडे पाळीवर वेगळा इलाज होतो, माझा झाला. नवीन आलेल्या गोळ्या, ज्यांना सारखी रक्ततपासणी लागत नाही, त्या धातूच्या वॉल्व्हला चालत नाहीत, 2012 मध्ये त्यातल्या एका गोळीचा प्रयोग गुठळ्या आणि रक्तस्राव वाढल्यामुळे मध्येच थांबवावा लागला होता. आणि ज्या मुलींना पुढे मूल हवंय त्यांनी दिवस राहण्याच्या आधीच हार्टच्या डॉक्टरला विचारायचं, कारण हीच गोळी पहिल्या तीन महिन्यांत बाळाला बाधू शकते आणि आपल्या मनाने बंद केली तर आईच्या जिवावर बेतते. खरं तर कोणता वॉल्व्ह बसवायचा हे ठरतानाच ही गोष्ट निघायला हवी.

तिसरं पावसाळ्याचं. पाऊस पडला की टाकळा, भारंगी, शेवग्याचा पाला, मग श्रावणात मासे बंद म्हणून रोजच पालेभाजी. माझा आयएनआर एकदम 1.7 वर आला. हिरव्या पाल्यात के व्हिटॅमिन असतं, ते या गोळीच्या उलट काम करतं. मग मी भाजीच बंद केली तर आकडा चारच्या वर गेला. मॅडम म्हणाल्या, बंद नको करू, दर आठवड्याला सारखीच खा, एकदम वाढवू नको आणि एकदम तोडू नको. इतकं साधं होतं, पण तपासणीसाठी गुहागरहून चिपळूणला जायचं म्हणजे सकाळची एसटी धरून जाऊन-येऊन दिवस मोडतो, आणि घरात पहिलं रद्द होतं ते बाईचंच काम.

माझी भाची मुंबईला हार्टच्या वॉर्डात सिस्टर आहे, ती सांगत होती की ऑपरेशनआधी धोका मोजायला युरोस्कोर वापरतात, त्यात बाई असणं हाच एक धोका म्हणून धरलाय. ऐकून मला वाईट वाटलं, मग विचार केला की का नसेल? अंगकाठी लहान, त्यात आपण पोचतो उशिरा. मला दोन वर्षं धाप लागत होती, कोणी दमा म्हणालं, कोणी रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. रक्त कमी होतंच म्हणा, 2019-21 च्या सरकारी पाहणीत देशातल्या 57 टक्के बायकांमध्ये ॲनिमिया निघालाय, पण म्हणूनच त्याच्या आड दुसरं काही दडलंय का हे बघायला नको का? टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला तेव्हा अर्ध्या तासात सगळं समोर आलं.

आणि चालणं. दोघांनाही रोज थोडं थोडं वाढवत चालायला सांगितलं होतं. दीर सकाळी मित्रांबरोबर समुद्रावर जायचे, महिन्याभरात बंदरापर्यंत जाऊन यायला लागले, रंग पालटला त्यांचा. मी निघाले की वाडीतले विचारायचे, कुठे चाललीस गो? काम नसताना बाई रस्त्याने चालते हे लोकांना पचत नाही. मी घरातच अडकले, संध्याकाळी कारण नसताना रडू यायचं, सगळ्यांना वाटायचं मी नाटक करते. ऑपरेशननंतर असं मन खचणं बाया-पुरुष दोघांमध्ये होतं आणि बायकांमध्ये जास्त दिसतं, हेही मला नंतर भाचीकडूनच कळलं. शेवटी जाऊबाईच माझ्याबरोबर चालायला यायला लागल्या आणि तिथून मी सुधारले, आजही आम्ही दोघी जातो.

माझं मागणं मोठं नाही. मोठं ऑपरेशन तर आता महात्मा फुले योजनेतून गरिबाचंही होतं. पण बाईला घरी सोडताना मराठीत वेगळं कार्ड द्या, त्यावर कळशी, विळी, पाटा अशी नावं घालून लिहा, ब्रेसियर आणि पाळीचं सिस्टरने बाजूला घेऊन सांगावं, नवऱ्याला आणि सासूला समोर बसवून सांगावं की तीन महिने घर हिच्याशिवाय चालवायचंय. आणि आयएनआरची तपासणी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सुरू करा.

शेजारच्या वाडीतल्या एका 26 वर्षांच्या मुलीचं पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे, अजून मूल नाही. मी तिच्याबरोबर मुंबईला जातेय. तिच्या नवऱ्याला वहीत प्रश्न लिहून दिलेत, आणि कळशी त्याने आत्तापासूनच उचलायला घेतलीय.

आपली,
एक वाचक, ता. गुहागर, जि. रत्नागिरी